पुस्तक मुलाच्या हाती देण्याआधी: ख्रिस्ती कुटुंबांसाठी बालपुस्तकांची शिफारस कशी करावी

"छान पुस्तक आहे, मुलांना बिनधास्त द्या" एवढ्याने पालकाचे काम भागत नाही. कोणत्या वयाच्या मुलाला द्यायचे, कोणती आवृत्ती घ्यायची आणि मूल मध्येच डोळे पुसत आले तर ते कोणत्या प्रसंगामुळे, या तीन गोष्टी त्याला कळायला हव्यात. मंडळीच्या (चर्चच्या) वाचनालयासाठी, शब्बाथ शाळेसाठी (मुलांच्या साप्ताहिक धर्मवर्गासाठी) किंवा ओळखीच्या चार घरांसाठी यादी करणाऱ्याचे काम एवढेच की या तीन गोष्टी नेमकेपणाने सांगायच्या. पुस्तक घरात आणायचे की नाही, हे आईवडील ठरवतील.

पुढे दिलेल्या पद्धतीत एका पुस्तकाला वाचनाखेरीज साधारण दीड तास लागतो. घाईत केलेली पन्नास पुस्तकांची यादी आणि नीट वाचून केलेली बारा पुस्तकांची यादी यांत दुसरीच वापरात राहते.

कसोटी आधी ठरवा

बहुतेक याद्यांच्या माथ्यावर फिलिप्पैकरांस ४:८ (जे सत्य, जे शुद्ध, जे सद्गुणी त्याचे मनन करा, हे वचन) लिहिलेले असते आणि तिथेच पहिली गफलत होते. त्या वचनातला "शुद्ध" हा शब्द पकडला जातो, "सत्य" सुटून जातो. वचनात सत्य सगळ्यात आधी आहे. ज्या गोष्टीत कोणी खोटे बोलत नाही, कोणी मरत नाही, प्रार्थना केली की हरवलेले कुत्रे संध्याकाळपर्यंत परत येते, ती शुद्ध दिसते, पण खरी नसते. मुलाचे स्वतःचे कुत्रे परत आले नाही, की त्या पुस्तकाने शिकवलेला देवही त्याला खोटा वाटू लागतो. उलट पवित्र शास्त्रात केनाने केलेला खून आहे, दाविदाचा व्यभिचार आहे, शास्ते १९ सारखा अत्याचाराचा अध्याय आहे. त्यामुळे पुस्तकात वाईट गोष्ट आहे का, एवढ्या प्रश्नाने काही ठरत नाही. त्या वाईटाचे कथा पुढे काय करते, ते पाहावे लागते.

वाचताना हे प्रश्न जवळ ठेवा. कथा आपल्याला कोणावर प्रेम करायला लावते आणि त्याच्या कोणत्या गुणासाठी? चुकीची किंमत कोण मोजतो? चूक करणारा, की त्याच्या वाटेत आलेला दुबळा? क्षमा मागितली जाते तेव्हा ती जड जाते का, की "सॉरी" म्हटले आणि पान उलटले? कमजोर, कुरूप, परक्या माणसाला हसण्याचा विषय केले आहे का? आणि शेवटी, कथेतली आशा कशावर उभी आहे? "फक्त स्वतःवर विश्वास ठेव" एवढेच उत्तर असेल तर पुस्तक बाद होत नाही, पण ते टिपणात लिहायचे.

आईवडिलांच्या चित्रणाबद्दल एक खुलासा. बालसाहित्यात आईवडील नसतात, दूर असतात किंवा वारलेले असतात. मुलांना स्वतः निर्णय घ्यायला लागावे म्हणून लेखक ही जुनी युक्ती वापरतात. तिच्यावर आक्षेप घेऊ नका. आक्षेप तिथे घ्या, जिथे मोठी माणसे केवळ मूर्ख म्हणून आहेत आणि त्यांना फसवणे हाच विनोद आहे. तोही एखाद्या प्रसंगापुरता नव्हे, पुस्तकभर असेल तर.

पहिली चाळणी: वीस मिनिटे

आधी मलपृष्ठ वाचा, पण त्यावर विसंबू नका. तो मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो. मग शीर्षकपानामागचे प्रकाशनाच्या तपशिलाचे पान उघडा. मूळ पुस्तक कोणत्या वर्षाचे, अनुवाद कोणाचा आणि "संक्षिप्त", "रूपांतरित" किंवा "मुलांसाठी पुनर्कथन" असा शब्द कुठे बारीक अक्षरात आहे का, ते तिथे कळते. त्यानंतर पहिले प्रकरण, मधले एक आणि शेवटचे वाचा. शेवट आधी वाचल्याने मजा जाते हे खरे. पण परीक्षकाला मजेपेक्षा कथा कुठे पोहोचते हे कळणे गरजेचे असते. ही चाळणी फक्त नापास करण्यासाठी आहे. इथे पास झालेले पुस्तक अजून शिफारशीला पात्र नसते.

पूर्ण वाचन आणि खुणा

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. लहानपणी वाचलेल्या पुस्तकाची आठवणीवरून शिफारस करू नका; आठवणीत शौर्य राहते, त्याच पानावरचा वंशद्वेष गळून जातो. चार रंगांच्या चिकटचिठ्ठ्या घ्या. एक भीती, हिंसा आणि मृत्यू यांसाठी, दुसरी शरीर व लैंगिक उल्लेखांसाठी, तिसरी देव, प्रार्थना, मंडळी, इतर धर्म, जादू यांच्या उल्लेखांसाठी आणि चौथी, जी सगळे विसरतात, सुंदर जागांसाठी. चौथ्या रंगाची एकही चिठ्ठी लागली नाही तर पुस्तक निर्दोष असूनही शिफारस करू नका. निरुपद्रवी असणे म्हणजे चांगले असणे नव्हे, आणि मुलांना हे आपल्याआधी कळते.

खूण करताना "थोडी हिंसा" असे लिहू नका. एकाची थोडी दुसऱ्याची फार असते. प्रसंगच लिहा: "पहिल्याच प्रकरणात वडील डुकराचे अशक्त पिल्लू मारायला कुऱ्हाड घेऊन निघतात, मुलगी त्यांना अडवते." हे वाचून आई दहा सेकंदांत ठरवू शकते.

जादूचा प्रश्न

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून थोडे थांबू. पवित्र शास्त्रातल्या "अनुवाद" या पुस्तकात १८:१०–१२ मध्ये शकुन पाहणे, मंत्रतंत्र आणि मृतांना विचारणे यांना स्पष्ट मनाई आहे. प्रेषितांची कृत्ये १९:१९ मध्ये इफिसातल्या विश्वासणाऱ्यांनी जादूटोण्याची पुस्तके सर्वांदेखत जाळली. काही कुटुंबे यावरून कथेतली कोणतीही जादू नाकारतात, काही परीकथेतली जादू चालवून घेतात. यादी करणाऱ्याने त्यांच्यात न्यायाधीश व्हायचे नाही. जादू कोणत्या जातीची आहे ते सांगायचे.

ढोबळमानाने तीन जाती सांगता येतात. पहिलीत जादू हे त्या जगाचे हवामान असते: प्राणी बोलतात, कपाटामागे देश असतो. कोणी ती शिकत नाही आणि वाचकाला तिची नक्कल करता येत नाही. दुसरीत जादू ही सत्ता असते. इथे पाहायचे ते असे, की ती सत्ता बळकावणाऱ्याला कथा कशी वागवते. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतली १९५२ ची समुद्रप्रवासाची कथा घ्या. तिच्यात ल्यूसी ही मुलगी मंत्राच्या पुस्तकातला मंत्र वापरून मैत्रिणीचे बोलणे चोरून ऐकते आणि नार्नियाचा सिंहरूपी स्वामी अस्लान तिला त्याबद्दल बोल लावतो. मंत्र आहे, पण कथा त्याच्या बाजूने नाही. तिसऱ्या जातीत खऱ्या जगातल्या प्रथा येतात: पत्त्यांवरून भविष्य, मृतांशी संवाद, घरी करून पाहता येतील असे विधी, तेही चांगल्या पात्रांच्या हातून आणि कौतुकाने. लहान मुलांच्या यादीत तिसऱ्या जातीला जागा देऊ नये, असे आमचे मत. पहिल्या दोन जातींची पुस्तके ठेवा, पण टिपणात जात लिहा.

काही पुस्तकांत जादू हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो आणि तिथे परीक्षक चकतात. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या १९११ च्या "द सीक्रेट गार्डन"मध्ये एकही चेटकीण नाही. पण आजारी मुलगा "मॅजिक" नावाच्या शक्तीवर व्याख्यान देतो, ती घोकून अंगात आणता येते असे मानतो, आणि त्याच प्रसंगांच्या ओघात देवाच्या स्तुतीचे गीतही गायले जाते. देव आणि ही शक्ती एकच, अशी कथेची समजूत दिसते. शिवाय सुरुवातीला भारतीय नोकरांबद्दलचे तुच्छतेचे उद्गार आहेत. तरीही रुसलेल्या, प्रेमाविना वाढलेल्या मुलांच्या बदलाची ती सुरेख गोष्ट आहे. अशा पुस्तकाला नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी "पालकांनी सोबत वाचावे" हा शेरा शोभतो.

संक्षिप्त आवृत्त्यांचा सापळा

जुन्या पुस्तकांतला विश्वास अनेकदा संक्षेपकाराच्या कात्रीत सापडतो. योहाना श्पिरी यांची "हायडी" दोन भागांत, १८८० आणि १८८१ मध्ये आली. मूळ कथेत हायडी प्रार्थना करायला शिकते, मित्र पेटरच्या आंधळ्या आजीला स्तोत्रे वाचून दाखवते आणि आजोबांना उधळ्या पुत्राची गोष्ट वाचून दाखवते. त्यानंतर आजोबा कित्येक वर्षांनी गावाच्या उपासनेला जातात. बऱ्याच संक्षिप्त आवृत्त्यांत उरतात त्या शेळ्या, डोंगर आणि चाकाची खुर्ची. आजोबा का बदलले हे त्या मुलाला कधीच कळत नाही. डॅनियल डिफो यांच्या १७१९ च्या "रॉबिन्सन क्रूसो"चेही तसेच. क्रूसोचा आजार, बायबलवाचन आणि पश्चात्ताप कापून फक्त तंबू, बकऱ्या आणि पायाचा ठसा ठेवला जातो. गुलामांच्या व्यापारासाठी त्याने केलेली सफरही बहुधा गायब असते. खरे तर मोठ्या मुलांशी नेमके त्यावरच बोलायला हवे.

जॉन बन्यन यांच्या "पिलग्रिम्स प्रोग्रेस"ला (ख्रिस्ती माणसाच्या स्वर्गाकडच्या यात्रेच्या रूपककथेला) तर आवृत्ती पाहिल्याशिवाय हातच लावू नका. पहिला भाग १६७८ चा, दुसरा १६८४ चा. दुसऱ्यात नायकाची बायको आणि मुले यात्रेला निघतात, त्यामुळे घरातल्या वाचनाला तोच अधिक जवळचा. मराठीत हरी केशवजी यांनी केलेला त्याचा अनुवाद, "यात्रिकक्रमण", १८४१ इतका जुना आहे. त्याची भाषा आजच्या मुलांना झेपणार नाही, मोठ्यांनी आधी वाचून सोपे करून सांगावे. मूळ पुस्तकात पोपला एका म्हाताऱ्या राक्षसाच्या रूपात दाखवले आहे, त्यामुळे कॅथलिक कुटुंबाला न सांगता हे पुस्तक देणे असभ्यपणाचे ठरेल. संशयाच्या किल्ल्यातला राक्षस कैद्यांना आत्महत्येचा सल्ला देतो, हाही प्रसंग टिपणात हवा. किशोरवयीन मुलाला तो उपयोगी पडू शकतो, पण पालकाला आधी माहीत असलेला बरा.

आवृत्ती तपासण्याची सोपी युक्ती: कथेतला विश्वासाशी निगडित एक प्रसंग आधी ठरवा, उदाहरणार्थ आजोबांचे उपासनेला जाणे, आणि हातातल्या आवृत्तीत तो शोधा. सापडला नाही तर ती आवृत्ती सुचवू नका. शिफारशीत प्रकाशक, अनुवादक आणि पानसंख्या नेहमी लिहा. "हायडी" एवढे लिहून काहीच कळत नाही.

बायबलकथांची पुस्तके

इथे चित्रांवर भुलून चुकीची निवड होते. सगळे पुस्तक वाचायला वेळ नसेल तर निदान या सहा जागा पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवून तपासा.

उत्पत्ती ३: फळ "सफरचंद" म्हटले आहे का? मूळ मजकुरात नाव नाही. ही बारीकसारीक चूक, पण लेखकाने मजकूर वाचला होता की आधीची चित्रे पाहून लिहिले, ते इथे उघड होते. नोहाचे तारू: ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, म्हणजे लांबी रुंदीच्या सहापट. चित्रात मात्र टबाएवढी गोल होडी आणि वर डोकावणारा जिराफ. प्राण्यांची "प्रत्येकी एक जोडी" असते, उत्पत्ती ७:२ मधल्या शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या गळतात. आणि जलप्रलय हा न्याय होता, हे कुठे आलेच नाही तर ती प्राणिसंग्रहालयाची सहल झाली.

योना: पुस्तक माशाच्या पोटातून बाहेर आल्यावर संपते का? चौथा अध्याय वगळला तर निनवेवरची दया आणि रुसलेला योना दोन्ही गेले, म्हणजे गोष्टीचा गाभाच गेला. लूक १५, उधळ्या पुत्राची गोष्ट: थोरला मुलगा आहे का? तो घराबाहेर रागावून उभा राहतो तो भाग (२५–३२) फार वेळा कापला जातो, आणि घरातल्या शहाण्या मुलाला स्वतःला पाहायची जागा नेमकी तीच असते. मत्तय २: बाळ येशूला भेटायला आलेले मागी (ज्ञानी) लोक तीनच दाखवले असतील तर ती परंपरा आहे, शास्त्रात संख्या नाही, आणि ते "घरात" गेले असे अकराव्या वचनात आहे. शेवटची जागा पुनरुत्थानाची: चारही शुभवर्तमानांत कबरेकडे आधी स्त्रिया जातात. चित्रात पेत्र आणि योहान एकटेच धावत असतील आणि मरीया मग्दालिया कुठेच नसेल तर प्रश्न विचारा.

त्याच वेळी येशूचे चित्रही पाहा. तो पहिल्या शतकातला गालीली यहुदी होता. सोनेरी केस आणि निळे डोळे पाहत वाढलेल्या मुलाला पुढे हे सगळे परक्या लोकांचे वाटले, तर दोष मुलाचा नाही.

यानंतर कथेचा सूर तपासा. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "तूही दाविदासारखा शूर हो" येत असेल तर पुस्तक इसापनीतीच्या वाटेने गेले. १ शमुवेल १७:४७ मध्ये दावीद स्वतः म्हणतो की लढाई परमेश्वराची आहे. देव काय करतो हे आधी आणि मुलाने काय करावे हे नंतर, असा क्रम ज्या पुस्तकात आहे ते निवडा.

वयाचा विचार प्रसंगागणिक करावा लागतो. गल्याथाचे शिर कापणे (५१ वे वचन) चार वर्षांच्या मुलासाठी वगळले तरी कथा मोडत नाही. अब्राहाम आणि इसहाक यांची गोष्ट मात्र पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला "बाबा मलाही मारतील का?" या भीतीत टाकू शकते, मेंढा आणि "देवाने परीक्षा पाहिली" हे शब्द ठळक नसलेले पुस्तक त्या वयाला देऊ नका. वधस्तंभ लहानांच्या पुस्तकात एखाद-दोन वाक्यांत यावा, पण यावा. आणि त्याच बैठकीत पुनरुत्थानापर्यंत पोहोचता आले पाहिजे. मधेच पान संपवणारी पुस्तके रात्री वाचायला वाईट.

पंथभेदही लिहा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. तोबित किंवा मक्काबी या जास्तीच्या पुस्तकांतल्या कथा, संतांची चरित्रे, मरीयेविषयीची प्रार्थना, तान्ह्या बाळाचा किंवा मोठ्याचा बाप्तिस्मा, यांपैकी काही असेल तर एका ओळीत नोंद पुरे. टीका नको.

चरित्रे

मिशनरींची आणि विश्वासवीरांची चरित्रे देणगीत सर्वाधिक येतात आणि सर्वांत कमी तपासली जातात. दोन गोष्टी पाहा. ज्यांच्यात तो माणूस गेला, त्या लोकांना नावे, घरे, बुद्धी आहे का, की ते फक्त अंधारात बसलेली गर्दी आहेत? आणि नायकाच्या चुका व घरच्यांचे दुःख आहे का? बंगालमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांच्या मुलांसाठीच्या चरित्रांत त्यांच्या छापखान्याला १८१२ मध्ये लागलेली आग हमखास असते. पत्नी डोरोथी अनेक वर्षे मानसिक आजाराने ग्रासलेल्या होत्या आणि १८०७ मध्ये वारल्या, हे मात्र गाळले जाते. दहा वर्षांच्या मुलाला हे दोन सौम्य वाक्यांत सांगता येते. न सांगितल्यास मूल मोठेपणी ते दुसरीकडे वाचते आणि आधीच्या सगळ्यावरच शंका घेते.

कॉरी टेन बूम यांचे "द हायडिंग प्लेस" (१९७१) हे नाझी छळछावणीचे आत्मकथन तेरा वर्षांखाली नको. विवस्त्र करून केलेल्या तपासण्या आणि बहिणीचा मृत्यू त्यात आहे. गंमत म्हणजे वयाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच पुस्तकात आहे. लहानग्या कॉरीने न झेपणारा प्रश्न विचारला तेव्हा वडिलांनी तिला आपली जड पेटी उचलायला सांगितली, आणि काही ज्ञानही असेच जड असते, तू मोठी होईपर्यंत ते मी वाहीन, असे समजावले.

वय कसे लिहावे

"८ ते १२ वर्षे" या एका आकड्यात तीन वेगळी वये कोंबलेली असतात. ऐकण्याचे वय, स्वतः वाचण्याचे वय आणि मन तयार असण्याचे वय. मूल स्वतः वाचू शकते त्यापेक्षा दोन-तीन वर्षे पुढचे ऐकून समजू शकते. उलट वेगाने वाचणारी आठ वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्यांचे पुस्तक अक्षरशः वाचेल, पण त्यातला विश्वासघात तिला पेलणार नाही. तिन्ही वये वेगवेगळी लिहा.

स्वतः वाचण्यासाठी पाच बोटांची चाचणी पुरते. मध्यावरचे एक पान मुलाला वाचायला द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचे. दोन-तीन बोटे ठीक, पाचही उघडली तर ते पुस्तक सध्या वाचून दाखवण्यासाठी ठेवा. मराठी पुस्तकात जोडाक्षरांची दाटी आणि अक्षराचा आकार हेही पाहा. नुकते वाचू लागलेले मूल "निष्ठा" आणि "प्रायश्चित्त" एकाच ओळीत आले की पुस्तक मिटते, मग गोष्ट कितीही सोपी असो.

कौटुंबिक वाचनासाठी लागणारा वेळही मोजून द्या. एक पान मोठ्याने वाचा, घड्याळ लावा, पानांनी गुणा. पानाला अडीच मिनिटे आणि १८० पाने म्हणजे साडेसात तास; रोज वीस मिनिटे धरली तर साधारण २३ दिवस. महिन्यापेक्षा जास्त चालणारे पुस्तक पहिल्यांदाच एकत्र वाचणाऱ्या घराला सुचवले तर ते अर्ध्यात राहते आणि सवयही मोडते. मोठ्याने वाचताना जीभ कुठे अडखळते तेही कळते. अडखळणारा अनुवाद मनात वाचताना चालून जातो, रात्री थकलेल्या वडिलांच्या तोंडी चालत नाही.

टिपण: नमुना

टिपण दीडशे शब्दांच्या आसपास असावे. त्याहून मोठे कोणी वाचत नाही. ई. बी. व्हाइट यांच्या १९५२ च्या पुस्तकाचे असे होईल:

"शार्लट्स वेब. २२ प्रकरणे. ऐकण्यासाठी ६+, स्वतः वाचण्यासाठी ८+. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर थांबा किंवा मुद्दाम आत्ताच, सोबत बसून वाचा. कथा: मारले जाणार असलेल्या डुकराच्या पिल्लाला एक कोळीण जाळ्यात शब्द विणून वाचवते. माहीत असावे: पहिल्या प्रकरणात कुऱ्हाड, पुढे म्हातारी मेंढी पिल्लाला त्याला नाताळात मारणार असल्याचे सांगते, कोळीण माश्यांचे रक्त पिते, शेवटाकडे ती मरते आणि तेव्हा तिच्याजवळ कोणी नसते. विश्वास: उपदेशक जाळ्याचा अर्थ लोकांना सांगतो, याव्यतिरिक्त देवाविषयी काही नाही, मृत्यूनंतरची आशा पिलांच्या रूपाने येते, पुनरुत्थानाच्या नव्हे. बोलण्यासाठी: लोकांनी डुकराचे कौतुक केले, विणणारीचे का नाही? जाळ्यातला शेवटचा शब्द 'नम्र' कोणाला जास्त शोभतो? मित्रासाठी स्वतःला झिजवणे आणि योहान १५:१३."

या नमुन्यात "ख्रिस्ती पुस्तक आहे की नाही" हा प्रश्न कुठेच नाही. पुस्तकात जे आहे ते सांगितले, जे नाही तेही सांगितले. चर्चेचे प्रश्न दोन-तीनच ठेवा; दहा दिलेत की गोष्ट गृहपाठ होते आणि मूल पुढच्या वेळी बाहेरच उभे राहते.

यादी बांधताना

चोवीस पुस्तकांच्या यादीत बायबलकथा, प्रार्थना आणि चरित्रे मिळून आठ-नऊ पुरेत. उरलेली पंधरा-सोळा साध्या चांगल्या गोष्टी, विनोद, कविता, निसर्ग, विज्ञान यांची असू द्या. सृष्टी देवाची आहे असे मानणाऱ्यांच्या कपाटात किड्यांचे चांगले पुस्तक नसावे, हे विचित्रच. पण निदान एक तृतीयांश पुस्तके अशी ठेवा, जी पाच वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकत्र ऐकू शकतील. नाहीतर कौटुंबिक वाचनाची यादी म्हणता येणार नाही.

मालिका असेल तर प्रत्येक भाग वेगळा वाचा. पहिला भाग आठ वर्षांसाठी आणि पाचवा चौदा वर्षांसाठी, हे आता सर्रास होते, कारण लेखक वाचकासोबत वयाने वाढतात. वाचलेल्या भागापर्यंतच शिफारस करा आणि तसे लिहा. क्रमही सांगा. नार्नियाचे सात भाग १९५० ते १९५६ दरम्यान आले. आजच्या बऱ्याच आवृत्त्यांवर कथेतल्या कालक्रमानुसार आकडे असतात, त्यामुळे १९५५ चा भाग पहिला दिसतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याने १९५० च्या, कपाटातून नार्नियात जाण्याच्या भागापासून सुरुवात करावी. अस्लान कोण हे वाचकाला ल्यूसीबरोबर हळूहळू कळत जाण्यातच त्या कथेचे बळ आहे.

प्रकाशक ख्रिस्ती आहे म्हणून न वाचता पुस्तक यादीत घालू नका, आणि लेखक ख्रिस्ती नाही म्हणून वगळू नका. चित्रपट पाहून पुस्तकाचे वय ठरवू नका. चित्रपटात लढाई दहा मिनिटे चालते, पुस्तकात दोन परिच्छेद, आणि कधी नेमके उलट. "मुलांसाठी" आणि "मुलींसाठी" असे कप्पे करू नका. त्याने दोघांचीही निम्मी पुस्तके जातात.

मतभेद झाल्यावर

कोणीतरी यादीतल्या पुस्तकावर आक्षेप घेईलच. आधी विचारा: पूर्ण वाचले का, आणि कोणते पान? पान सांगितले तर ते पुन्हा वाचा. तुमच्या टिपणात तो प्रसंग नसेल तर चूक तुमची. टिपण त्याच आठवड्यात दुरुस्त करा. प्रसंग लिहिलेला असेल आणि तरी त्या घराला तो नको असेल, तर रोमकरांस १४ काढून वाचा. एका घराच्या विवेकाला चालते ते दुसऱ्याला चालत नाही, आणि नको म्हणणाऱ्या घराच्या मुलाला तेच पुस्तक मंडळीत वाचून दाखवणे हे प्रेमाने चालणे नव्हे. सामुदायिक वाचनासाठी म्हणूनच वेगळी, अधिक सावध यादी ठेवा, आणि घरांसाठीची यादी मोकळी राहू द्या.

मुलाने यादीबाहेरचे पुस्तक आधीच वाचायला घेतले असेल तर ते हातातून काढू नका. जे अर्ध्यात हिसकावले जाते ते पांघरुणाखाली पूर्ण होते. तेच पुस्तक पालकाने त्याच आठवड्यात वाचावे आणि मग एवढेच विचारावे: "त्यातला कोणता माणूस आपल्या घरी जेवायला आला तर तुला आवडेल?" उत्तरातून मुलाने काय उचलले ते कळते, आणि पुढचे बोलणे तिथून सुरू करता येते.

यादीवर तारीख टाका आणि वर्षातून एकदा ती पुन्हा तपासा. आवृत्त्या संपतात, नव्या निघतात, चित्रे बदलतात, मजकूर कापला जातो. बाजारात न मिळणारे पुस्तक यादीत ठेवायचे असेल तर "जुनी प्रत शोधावी" असे पुढे लिहा.